मुखरूभाऊंचा तिसरा अंक

खुशाल : दोन अंक झाले ना? मंग तेवढेच दे पोरी. पेन ड्राइव्ह आणला मी. तिसरा अंक वडश्याचा एक लेखक लिवून देते म्हणते. मी त्याले हो म्हणून आलो.

पायल : बाबांले न विचारता?

खुशाल : कसं विचारू? लकवा मारला, वाचा गेली त्याची. मले काय आनंद होऊन राह्यला का पायल? तुह्या बाबाचं नाटक माह्या मंडळानं दरसाल केलं. पण दिवाळी झाली का आपला सीझन सुरू. ‘परतीचा डोंगा’ नाव पोस्टरवर गेलं, गावागावात बुकिंग झालं. दोन अंक करून पडदा पाडला तं लोक खुर्च्या फेकून मारतीन.

पायल : बाबा लिहून राह्यले, भाऊ.

खुशाल : लिवून राह्यले मतलब? उजवा हात तं उठत नाई त्याचा.

पायल : डाव्या हाताच्या एका बोटानं. या, इथी ओसरीत बसा. हा लॅपटॉप पाहा.

खुशाल : हे तं तुह्यं मशीन आहे.

पायल : मशीन माह्यं, पण लिहिणं याच्यात नाई. सांगतो. दवाखान्यातून आणल्यावर बाबा नुसते छताच्या फाट्यांकडे पाहत पडून राह्यचे. ते लिहायचे कसे ते तुम्हाले माहीत आहे. तलावाच्या पाळीवर फिरत फिरत साऱ्या पात्रांचे संवाद मोठ्यानं बोलाचे, अन् घरी येऊन मले सांगाचे. मी टाइप कराची. आता बोलणंच गेलं. म्या लॅपटॉप पुढं ठेवला, तं बोट नुसतं फिरे, अक्षर सापडे ना. अन् मी बाजूले बसली का हात मागं घेत. पोरीच्या देखत एक एक अक्षर धुंडाचं, हे त्यांले सहन होईना.

खुशाल : होईन कसं. मांडवभर लोकांले रडवणारा माणूस तो.

पायल : मंग ब्रह्मपुरीच्या नाहीदकडे गेली मी. कॉलेजात संगं होती, आता अब्बाच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करते. तिनं जुन्या कॉम्प्युटरचा एक डब्बा आणून माजघरात ठेवला, इन्व्हर्टरवर. त्याच्यात लिहाचा एडिटर मागच्या मागं सुरू राह्यते. त्याले पडदा नाई, काई नाई. दिसत नाई, पण बंदही होत नाई. बाबांच्या खाटेवरचा लॅपटॉप त्याले जोडला, अन् हा माह्याही त्यालेच जोडला. नाटक एकच, खिडक्या दोन. ते आत एक अक्षर लिहिते, ते मले इथी दिसते. म्या काना-मात्रा सुधरवला, तो त्यांले तिथी दिसते. बाजूले बसाचं कामच नाई.

खुशाल : म्हणजे मोबाइलवर पाठवते तसं?

पायल : पाठवाचं काईच नाई, भाऊ. नेटही लागत नाई. घरातल्या घरात चालते.

खुशाल : अन् मशीन बंद पडलं तं सारं गेलं.

पायल : आपली खिडकी जाते. एडिटर तिकडे डब्ब्यात तसाच उभा राह्यते. नाहीदनं हे मले पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं. पण खरं वाटलं ते बाबांनी लॅपटॉप खाली लोटला तवा.

खुशाल : लोटला? काऊन?

पायल : तिसऱ्या अंकात गंगू नवऱ्याचं घर सोडून निघते. वैनगंगेच्या घाटावर त्याच्याच डोंग्यात, लाकडी नावेत, बसताना तो तिले विचारते, परत येशीन का म्हणून. तिचं उत्तर लिहिता लिहिता बाबा अडले. त्यांले ते वाक्य कानानं ऐकाचं होतं. तोंड उघडलं, तं नुसता घरघर आवाज निघाला. पुन्हा बोलून पाह्यलं. तिसऱ्या खेपेले हातानं लॅपटॉप खाटेवरून खाली ढकलून देल्ला. काच फुटली, पडदा काळा झाला. मी तिथीच खाली बसली. मले वाटलं, दोन्ही अंक गेले.

खुशाल : मंग?

पायल : मंग इथी येऊन माह्यी खिडकी उघडली. सारं जागेवर होतं. गंगूच्या नावापुढं ‘मी परत ये’ एवढंच, अन् त्या ‘ये’च्या मागं कर्सर लुकलुक करून राह्यला होता. म्या पळत जाऊन बाबांले सांगतलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. नाटक वाचलं, पण बाबा लिहीनात. नाहीदनं दुसरा लॅपटॉप देल्ला. तो खाटेपाशी ठेवला, खिडकी उघडून. ते त्याच्याकडे पाहेच ना. आई म्हणे, नको छळू त्यांले, बंद करून टाक. म्या म्हटलं, बंद करणार नाई. दिवसभर ते नाटक त्यांच्यासमोर तसंच उघडं राहीन.

खुशाल : हट्टी आहेस तू.

पायल : त्यांचीच पोरगी आहो. मंग तुमच्या मंडळातल्या दीपिकाले फोन केला.

खुशाल : आमची हिरोइन? ती इथी आली होती? मले बोलली नाई ते.

पायल : म्याच नको म्हटलं होतं. ती आत गेली, पाया पडली. बाबांनी डोळेच मिटून घेतले. मंग ती इथी तुमच्या जागेवर बसली अन् दोन्ही अंक, तिसऱ्याचं झालं तेवढंही, वाचून काढलं. ‘मी परत ये’पाशी आली अन् मले विचारे, पुढं काय? म्या म्हटलं, तूच लिही. ती म्हणे, मुखरूभाऊंच्या नाटकात मी कशी लिहू? म्या म्हटलं, लिही, जे होईन ते माह्यावर. तिनं लिहिलं, ‘मी परत येईन धनी, तुमी माझी वाट पाहा.’

खुशाल : चांगलं आहे की. बाया रडतीन त्याच्यावर.

पायल : आम्ही दोघी पडद्याकडे पाहत बसलो. थोड्या वेळानं शेवटचं अक्षर पुसलं गेलं. मंग त्याच्या आधीचं. आम्ही हात लावला नव्हता. एक एक करून तिचं सारं पुसून झालं, अन् हे आलं. तुम्हीच वाचा.

खुशाल : ‘मी परत येनार नाई. तुमचा डोंगा तेवढा परत पाठवीन.’

पायल : दीपिका रडाले लागली.

खुशाल : हे त्याचंच आहे. दुसऱ्या कोणाले सुचन नाई.

पायल : तवापासून रोज लिहिते. बोट लई वेळ थांबलं, तं मी मुद्दाम एखादं बेकार वाक्य टाकतो. ते रागानं पुसते अन् आपलं लिहिते.

खुशाल : पण दिवाळी कुठी दूर आहे पोरी. होईन का तवरिक?

पायल : होईन.

खुशाल : अन् नाई झालं तं? सारी मंडळी माह्या भरवशावर आहे. नट, पेटीवाला, पडदेवाला.

पायल : तं मले नका विचारू. आतलं दार उघडं आहे. बाबा इतका वेळ ऐकूनच राह्यले. त्यांले विचारा, उत्तर इथी येईन.

खुशाल : मुखरूभाऊ, राम राम. खुशाल बोलून राह्यलो. तुमचा तिसरा अंक दुसऱ्या कोणी लिवला तं चालन का?

पायल : आलं. वाचा.

खुशाल : ‘नाई.’ अजून येऊन राह्यलं. ‘गंगू डोंग्यात बसली. आता तिले उतरवू नका.’

(खुशाल खिशातून फोन काढून लावतो.)

खुशाल : हॅलो, साहेब, खुशाल बोलतो. ते तिसऱ्या अंकाचं राह्यू द्या. नाई, तुमचं काई चुकलं नाई, मीच घाई केली. ज्याचं नाटक आहे तोच लिवून राह्यला. हो. माफ करजा.

पायल : पाणी आणू का, भाऊ?

खुशाल : राह्यू दे. सोमवारपासून दोन अंकांची तालीम लावतो. तिसऱ्याचं जसं जसं होईन, तसं दीपिकाच्या हातून पाठव. आधी तिले पाठ होऊ दे, मंग बाकीच्यांले.

पायल : पाठवीन. पण तालमीत एक शब्दही बदलाचा झाला, तं तुम्ही इथी येऊन बाबांले विचाराचं.

खुशाल : येईन. अवं, हे पाह्य, ‘नवरा :’ एवढं लिवलं अन् बोट थांबलं त्याचं. काय झालं? तू टाकत नाईस का एखादं वाक्य?

पायल : आत्ता नाई. गंगू गेली, अन् तो काठावर एकटा उभा आहे. त्याले काय बोलू द्याचं, ते शोधून राह्यले.

खुशाल : मंग आपण काय कराचं?

पायल : बसा, भाऊ. एकच बोट आहे. वेळ लागते.