पडद्यावर राहिलेला प्रश्न

दुरुस्तीवाला : काकू, मागचं बटण दाबून एकदा पूर्ण बंद करतो, मग—

आई : हात लावू नका!

दुरुस्तीवाला : अहो, चालत्या यंत्राचं पोट कसं उघडू? डॉक्टरसुद्धा आधी भूल देतात.

आई : भूल नको. जागं ठेवूनच काय ते करा. फोनवर सांगितलं होतं मी, बंद न करता आवाज घालवायचाय. तुम्ही हो म्हणालात.

दुरुस्तीवाला : मला वाटलं, तुम्हाला बंद करता येत नसेल.

आई : येतं. अकरा महिने हा संगणक मुद्दाम बंद केला नाही.

दुरुस्तीवाला : अकरा महिने? रात्रंदिवस?

आई : वीज गेली की इन्व्हर्टर. इन्व्हर्टर दमला की खालची ती पेटी, टीं टीं करणारी. पडदा तेवढा झोपताना विझवते. सकाळी लावते, आहे ना जागेवर ते बघते, मग चहा टाकते.

दुरुस्तीवाला : काय जागेवर?

आई : लावा पडदा. तुम्हीच बघा.

दुरुस्तीवाला : हं... चौकट आलीय. बदल ठेवायचे का, विचारतोय. ठेवा, ठेवू नका, राहू द्या. एवढंच? काकू, हे काय, एक बटण दाबलं की—

आई : एवढंच. हे खुर्चीवर बसले होते. सकाळचे दहा. मी स्वयंपाकघरात. हाक आली, ‘जरा इकडं ये गं, एक विचारायचंय.’ मी म्हटलं, हात पिठाचे आहेत, आले. हात धुतले, पुसले, आले. तोवर हे दारात आडवे. आणि पडद्यावर ही चौकट.

दुरुस्तीवाला : ...माफ करा काकू. मला माहीत नव्हतं.

आई : तुम्हाला कसं माहीत असणार? हात पुसायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढाच उशीर झाला मला. आता प्रश्न यांना विचारलेला, उत्तर मी कसं देऊ? ठेवायचं म्हणत होते की टाकायचं म्हणत होते, मला कळायच्या आत गेले.

लेक : आई, त्यांना चहा विचारलास का?

आई : ही माझी लेक. काल आली. या खोलीत येत नाही ती, दारातूनच बोलते. आत आली तर जणू बाबा खुर्चीतून वर बघतील.

लेक : आई, पुरे. दादा, स्पष्ट सांगा. किती दिवस चालेल हे?

दुरुस्तीवाला : दिवस? ताई, तासांत बोला. ऐका हा आवाज. आतला पंखा कोरडा पडलाय, अडकत अडकत फिरतोय. हा थांबला की आतला भाग तापणार, आणि ठरावीक ताप चढला की यंत्र आपणहून मान टाकतं. स्वतःला वाचवायला.

आई : मग पडद्यावरचं?

दुरुस्तीवाला : जाईल. याला अजून नावही दिलेलं नाही, कुठं ठेवलेलं नाही. नुसतं आठवणीत धरून बसलंय बिचारं. वीज तुटली की आठवण गेली.

लेक : जाऊ दे मग. असेल कुठल्यातरी छापखान्याचं काम.

आई : छापखान्यातून यांना घरी बसून नऊ वर्षं झाली होती. कुणाचं काम?

लेक : मग वीजमंडळाला तक्रार असेल. तक्रारी बऱ्या लिहायचे.

आई : तक्रार लिहायला आठवडा लागत नाही. शेवटचा आठवडाभर बंदच करू देत नव्हते. ‘काम अर्धं आहे, हात लावू नको.’ एका बोटानं टकटक, टकटक. जसा सुतारपक्षी. मी विचारलं, काय एवढं? म्हणाले, जुनं उत्तर राहिलंय एक द्यायचं.

लेक : ...कुणाला?

आई : तूच सांग. सात वर्षांत यांना दुसरं कुणाचं पत्र आलं होतं?

दुरुस्तीवाला : काकू, तुमच्याकडं टेबलावरचा पंखा आहे? आणा. बाजूचं झाकण उघडतो, बाहेरून वारा मारतो. तेवढी उसनी हवा मिळेल. आणि एक नरम ब्रश. दाढीचा चालेल.

आई : यांचाच आहे. आणते.

लेक : दादा, ती आत गेलीय तोवर सांगते. उघडू नका ते. बिघडलं म्हणा.

दुरुस्तीवाला : ताई, बिघडलेलं चालू करतो म्हणून लोक मला बोलावतात. चालू असलेलं बिघडलं म्हणायची सवय नाही मला.

लेक : तुम्हाला कळणार नाही. सात वर्षांपूर्वी माझं लग्न मोडलं तेव्हा मी त्यांना पत्र लिहिलं. सहा पानं. फोनवर बोलता आलं नसतं. वीस दिवसांनी टपालानं उत्तर आलं. पाकिटात माझंच पत्र. लाल शाईनं तपासलेलं.

दुरुस्तीवाला : तपासलेलं म्हणजे?

लेक : आयुष्यभर मुद्रितं तपासली त्यांनी. तसंच हे. लांब वाक्यं तोडलेली. समासात खुणा. मी दोन ठिकाणी लिहिलं होतं, ‘बाबा, मला भीती वाटते.’ दुसऱ्यावर काट मारून बाजूला बारीक अक्षरात, ‘पुनरुक्ती.’ बाकी त्यांचा स्वतःचा एक शब्द नाही. खाली सहीसुद्धा नाही.

दुरुस्तीवाला : अरे देवा.

लेक : त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही. आईला फोन करायची ते दुपारी, ते वाचनालयात गेले की. ते गेले तेव्हा मी आले, चार दिवस राहिले, परत गेले. आता त्या चौकटीखाली आणखी काय तपासलंय, ते मला बघायचं नाहीये.

आई : हा घ्या ब्रश. पंखा जुना आहे, मान हलवतो नुसती, हो म्हणतोय की नाही कळत नाही.

दुरुस्तीवाला : मानेची कळ दाबून धरतो. बघा, किती धूळ! गोधडीच झालीय. आता ऐका काकू. मी ‘ठेवा’ही दाबत नाही, ‘ठेवू नका’ही दाबत नाही. तिसरं दाबतो, ‘राहू द्या’. म्हणजे प्रश्न बाजूला होतो, उत्तर कुणीच देत नाही. मागचं पान दिसेल फक्त.

आई : त्याला चालेल ते?

दुरुस्तीवाला : यंत्राला काय, त्याला थांबायची सवय आहे. दाबू?

आई : तिला विचारा.

लेक : मला कशाला? ...दाबा.

दुरुस्तीवाला : आलं पान. काकू, चष्मा लावा.

आई : एकच ओळ आहे. ‘तुझं पत्र मिळालं.’ बास. पुढं काही नाही.

लेक : बघितलंस? आठवडाभर एका बोटानं. तीन शब्द.

आई : हं. आणि अकरा महिने मी याला वारा घालत बसले.

दुरुस्तीवाला : थांबा थांबा. आठवडाभर तीन शब्द कुणी लिहीत नाही. खोडलेलं असणार. आधी हे आहे तसं वेगळ्या नावानं ठेवून देतो, म्हणजे हे तरी हातचं जाणार नाही. झालं. आता गंमत बघा. बंद केलं असतं ना, तर यातलं काही उरलं नसतं. पण हा प्रोग्राम जोवर उघडा आहे, तोवर केलेलं सगळं ओळीनं लक्षात ठेवतो. एक कळ दाबली की एक पाऊल मागं. जे खोडलं ते परत येतं. किती मागचं आठवतंय त्याला, बघू.

आई : म्हणजे यांनी पुसलेलं?

दुरुस्तीवाला : हो. उलट्या पावलांनी. हे पहिलं.

आई : ‘बाबा.’ खाली ‘बाबा’ आलं गं. सही खोडली होती यांनी.

दुरुस्तीवाला : दुसरं.

आई : ‘जमलं तर ये.’

लेक : ...काय?

दुरुस्तीवाला : तिसरं. हे काय, ‘जमलं तर’ गेलं की.

आई : नुसतं ‘ये’ राहिलं. आधी ‘ये’ लिहिलं होतं, मग पुढं ‘जमलं तर’ लावलं. माझा माणूस! बोलावतानासुद्धा पाय मागं.

दुरुस्तीवाला : पुढं बघा. ‘चूक झाली.’ आणि आणखी एक पाऊल मागं... ‘माझी चूक झाली.’

आई : ‘माझी’ तेवढं काढलं होतं. अहो, आणखी दाबा. ती आत येत नसली तर मी मोठ्यानं वाचते. ‘पत्र हातात आलं तेव्हा काय लिहावं सुचेना. तीन दिवस बसलो. हातात लाल पेन होतं, मला दुसरं काही येत नाही, ते चालवलं. टपालात टाकलं आणि पेटीपाशी उभा राहिलो. पोस्टमन येईपर्यंत थांबून परत मागावं असं वाटलं. मागितलं नाही.’

लेक : आई, नीट वाच. मनाचं घालू नकोस.

आई : मनाचं घालायला मला यांच्यासारखं लिहिता येतं होय? ये, वाच तूच. माझा चष्मा भिजलाय.

(लेक आत येते. खुर्ची न घेता, उभ्याउभ्या.)

लेक : ‘तू लहान असताना छापखान्यात माझ्या टेबलाखाली झोपायचीस. मी टेलिफोनची यादी मोठ्यानं वाचायचो, नाव, गल्ली, क्रमांक. त्या आवाजावर तू झोपायचीस. वाचणं थांबलं की उठायचीस. म्हणून मी जेवायची सुट्टी घेत नसे.’ मग कंसात लिहिलंय, ‘विषयांतर. काढावे.’

दुरुस्तीवाला : स्वतःच्याच पत्राला शेरा?

लेक : हो. तसेच होते ते.

आई : आणि मी डबा परत आला की भांडायची. म्हणायची, रोज उपाशी राहता, माझ्या हाताला चव नाही का?

दुरुस्तीवाला : ताई, आतलं तापायला लागलंय. हात लावून कळतंय. लवकर आटपायला हवं. दाबतो... अरेच्चा.

लेक : काय झालं?

दुरुस्तीवाला : हे एका दमात आलं. पानंच्या पानं. खाली लांबच लांब मजकूर आहे, यांनी सगळा धरून एकदम काढला होता. खाली सरकवतो. ‘बाबा, हे पत्र आईला दाखवू नका...’ अं, मी वाचत नाही. मी पंख्याकडं बघतोय.

लेक : ...हे माझं आहे.

आई : तुझं कसं? हे तर यांनी टंकलंय.

लेक : माझं पत्र. सहाच्या सहा पानं. आई, मूळ पत्र माझ्याकडं आहे. त्यांनी परत पाठवलं होतं. त्यांच्याकडं कुठून आलं?

आई : थांब. दुपारी जेवण झालं की हे डोळे मिटून पुटपुटायचे. रोज. मला वाटायचं जुनी सवय, याद्या वाचताहेत. मी म्हणायची, अहो, आता तरी सोडा ते नंबर.

लेक : पाठ होतं त्यांना.

आई : सात वर्षं?

लेक : इथं बघ. मी ‘एका खोलीत राहतेय’ असं लिहिलं होतं. त्यांनी ‘एका घरात’ लिहिलंय. हे वाक्य पुढचं मागं झालंय. आणि शेजारीणबाई डाळ आणून देतात हे मी लिहिलंच नव्हतं, ते मी तुला फोनवर सांगितलं होतं. ते पण आलंय आत.

आई : मी सांगितलं असेल. विचारायचे ना, काय म्हणाली म्हणून. विचारलं हे तिला सांगू नको, असंही म्हणायचे.

लेक : काट नाही एकही. ‘बाबा, मला भीती वाटते.’ हे पहिलं. आणि हे, चौथ्या पानावर. आहे. दोन्ही ठेवलेत गं त्यांनी.

आई : काय ठेवलंय? काय लिहिलं होतंस तू? कसली भीती?

लेक : ...तुला दाखवू नका म्हणून लिहिलं होतं.

आई : आणि या माणसानं दाखवलं नाही. मरेपर्यंत नाही. मी विचारून विचारून थकले, पोरीचं काय बिनसलंय? म्हणायचे, पत्र चांगलं होतं, लांब होतं. सात वर्षं मी समजत होते, तू आमच्यावर रुसलीस. तू तिकडं एकटी भिऊन बसली होतीस, आणि मी इकडं तुझ्या नावानं बोटं मोडत होते.

लेक : आई, ये इकडं. बस माझ्याजवळ. आता दाखवते.

आई : त्या दिवशी हाक मारली ती हेच विचारायला असेल का गं? तिनं दाखवू नको म्हटलंय, दाखवू का?

लेक : माहीत नाही.

आई : असेल. मी हात तसेच पिठाचे घेऊन यायला हवं होतं.

दुरुस्तीवाला : काकू, ताई, मधे बोलतो, रागावू नका. आतला पंखा थांबला. बाहेरच्या वाऱ्यावर चार-पाच मिनिटं निघतील. आणखी मागं गेलो तर त्यांनी टंकलेलंच एकेक ओळ पुसत जाईल. इथंच थांबू?

लेक : इथंच थांबा. त्यांचंही आहे, माझंही आहे. असंच्या असं ठेवा.

दुरुस्तीवाला : नाव काय देऊ?

लेक : नाव... तारीख द्या. आजची नको. त्या दिवशीची. आई, सांग.

आई : सांगते. मला ती वार-वेळेसकट पाठ आहे.

दुरुस्तीवाला : झालं. माझ्या या पेन ड्राइव्हच्या काडीवरही एक प्रत घेतली, ही तुमच्याजवळ ठेवा. काकू, आता काळजी नाही. बंद करून पंखा बदलतो, उद्या, परवा, केव्हाही उघडून वाचता येईल. करू बंद?

आई : उद्या वाचता येईल हो. पण ती आत्ता वाचतेय.