रविवारची शांतता

हाडांच्या डॉक्टरांकडे ही गर्दी. शिंपीणबाई आखडलेली मान धरून बाकावर बसल्या होत्या. शेजारी पायाला प्लास्टर घातलेले एक गृहस्थ आणि त्यांची बायको.

"अगं, डोंगरावर काय शांत वाटतं म्हणून सांगू! माणूस नव्याने जन्माला येतो."

"आणि उतरताना पाय मोडून घेतो."

"कर चेष्टा. आता किती रविवार घरात काढायचे, देव जाणे."

"तेच विचारणार आहे डॉक्टरांना. प्लास्टर जरा लवकर काढता येईल का म्हणून."

"इतकी काळजी वाटते माझी?"

"अहो, दर रविवारी तुम्ही ग्रुपबरोबर डोंगरावर गेलात की मी दार लावते, चहा घेऊन खिडकीत बसते. भाजी कशी चिरायची, पंखा कितीवर ठेवायचा, सांगायला कुणी नसतं."

"म्हणजे डोंगर मी चढायचो आणि शांती तुला मिळायची?"

"भरपूर."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर मलाही बरोबर नेलं असतंत."

सकाळपासून न वळणारी शिंपीणबाईंची मान गर्रकन वळली.

"ताई, मध्येच बोलते, पण तुमच्या यांच्या ग्रुपमध्ये निवृत्त माणसं घेतात का हो?"

"घेतात की!" गृहस्थच खुलले. "तुम्ही येताय?"

"मी कुठली! आमचे हे. मी मशीनवर बसले की समोर खुर्ची टाकतात, शिलाई कशी मारायची ते सांगायला."

"वा! डोंगरांची आवड आहे त्यांना?"

"त्यांना नाही हो. मला लागलीय, आत्ताच."