बंपरची भोकं

माझ्या गाडीच्या बंपरला भोकं आधीच्या मालकाने पाडली, असं मी तुम्हाला सांगत आलो ना? ते खोटं आहे. मीच पाडली.

स्पोर्ट्स कार जुनी घेतली, पण आंबा घाट उतरताना ब्रेक तापून जळका वास यायचा. मग व्हिडिओ बघून पुढचा बंपर दोन्हीकडून कापला आणि वारा ब्रेकवर जावा म्हणून आतून पाइप सोडले. तरी वास यायचाच.

एकदा घाटात शेजारी मामा होते. त्यांची उभी हयात एसटी चालवण्यात गेलेली.

"मेल्या, गिअर का काढलास?"

"उताराला न्यूट्रलच करतो मामा. पेट्रोल वाचतं."

मामांनी गिअरच्या दांड्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "दुसरा टाक."

टाकला. इंजिनानेच गाडी धरली, ब्रेकवर पाय क्वचितच गेला. साखरप्याला उतरून चाकापाशी नाक नेलं, तर वास नाही.

तिथल्या चहावाल्याने बंपरकडे बघून विचारलं, "ही भोकं कसली हो?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "आधीच्या मालकाने पाडली. त्याला गाडी चालवता येत नव्हती."