तोंडात कागद धरून बसलेल्या आठ जणांविषयी

दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५. वेळ : दुपारी १२.१०.

नाव : सायमा कय्यूम शेख. वय : २३ वर्षे. शिक्षण : बी.ए. (इतिहास). व्यवसाय : शिकवणी वर्ग. राहणार : रेल्वे स्टेशनमागे, बल्लारपूर, जि. चंद्रपूर.

मी पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर होऊन, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मनाने, माझ्याच हस्ताक्षरात जबाब लिहून देते की,

मी वरील पत्त्यावर आईवडील व दोन लहान भावांसह राहते. माझे वडील सायकलला धारेचे चाक जोडून गावोगाव विळे, चाकू व कात्र्यांना धार लावून देतात. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. तलाठी पदाच्या निवड यादीत माझे नाव आले असून पोलीस चारित्र्य पडताळणी अजून व्हायची आहे.

मी जपानी तलवार अभ्यास मंडळाची सचिव आहे. मंडळाचे सभासद अकरा. अध्यक्ष श्री. मोरेश्वर चिताडे, सेवानिवृत्त बँक व्यवस्थापक, यांना मंडळात 'सेन्सेई' म्हणजे गुरुजी असे म्हणतात. तसा ठराव त्यांनीच मांडला होता. जुन्या जपानी तलवारींचा काळ, कारागीर व पोलाद यांचा अभ्यास करणे हा मंडळाचा हेतू आहे. सभासदांकडे मिळून सात तलवारी होत्या. त्यांची नोंदवही करण्याचे काम माझ्याकडे आले. सातही तलवारी यंत्रावर बनलेल्या व कुरिअरने आलेल्या होत्या. सेन्सेईंच्या तलवारीवर ती ओल्या फडक्याने पुसू नये असे इंग्रजीत छापलेले स्टिकर होते. सभासदांच्या भावना लक्षात घेऊन मी 'काळ' या रकान्यात सातही वेळा 'अभ्यास चालू' असे लिहिले. ते खोटे होते, हे मी मान्य करते.

डिसेंबर महिन्यात माझे वडील येरबोडी या गावाहून परत आले व म्हणाले की, तिथल्या एका ढिवराकडे एक लांब, किंचित वाकडे पाते आहे, ते चाकावर धरायला त्यांचा हात धजला नाही. चाळीस वर्षांत त्यांनी असे पहिल्यांदाच म्हटले. म्हणून मी बल्लारपूर-गोंदिया गाडीने व पुढे ऑटोने येरबोडीला गेले. ते पाते श्री. इस्तारी मांढरे, वय ५८, यांचे होते. ते तलावात मासेमारी करतात व त्या पात्याने काठावर माजणारी बेशरमीची झुडपे कापतात. मला पाहून ते म्हणाले, "हे कायले पायजे तुले? बेशरम कापाले बेस हाय, बाकी काई कामाचं नाई."

मी विचारले, ही तलवार तुमच्याकडे कशी आली? ते म्हणाले, "आज्यानं बर्म्याच्या लढाईतून आणली. तो पलटनीत सैपाकी होता. लढला-बिढला नाई. कांदे कापाले आणली असन."

मूठ काढल्यावर आत झाकलेला दांडा दिसला. त्यावर काळा गंज होता व गंजाखाली छिन्नीने कोरलेली चार जपानी अक्षरे. जुन्या तलवारीचे वय त्या गंजावरून ओळखतात, म्हणून तो कधीही पुसत नाहीत. मी त्या गंजाचे वर्णन लिहिले, मापे घेतली, अक्षरे नोंदवहीत जशीच्या तशी उतरवून घेतली व पानावर सचिव म्हणून सही केली. 'काळ' या रकान्यात मी पहिल्यांदाच खरे लिहिले : 'शंभर वर्षांहून अधिक असावा.'

ही तलवार सभेत आणावी अशी विनंती इस्तारीभाऊंना मीच केली. त्यांच्या पत्नी ताराबाई नको म्हणत होत्या. "रविवारी आणू द्या, दिवे लागायच्या आत ती घरी येईल," असा शब्द मी दिला.

दिनांक ९ फेब्रुवारी रोजी दुपारी चार वाजता येरबोडी फाट्यावरील बंद पडलेल्या राईस मिलमध्ये सभा भरली. हजर आठ सभासद व इस्तारीभाऊ. मंडळाचा नियम क्रमांक चार असा आहे की, उघड्या पात्यासमोर कोणी बोलू नये, आणि श्वासाची ओल पोलादावर पडू नये म्हणून प्रत्येकाने घडी घातलेला कोरा कागद ओठांत धरावा. तलवार पुसून, तेल लावून, म्यान करून, तिला नमस्कार झाल्यावरच कागद काढावा. जपानी पद्धत वाचून हे नियम मी लिहिले व ते एकमताने मंजूर झाले. इस्तारीभाऊंच्या तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा असल्याने त्यांना कागदातून सूट देण्यात आली.

अंदाजे ४.४० वाजता ठाणेदार साहेब पोलीस पथकासह आत आले. बंद गिरणीत आठ माणसे मांडी घालून, तोंडात कागद धरून, एका उघड्या तलवारीकडे पाहत होती. साहेबांनी विचारले, "काय चाललं आहे?" कोणी बोलले नाही. साहेबांनी आणखी दोनदा विचारले. चिताडे सरांनी थांबा या अर्थाने एक बोट वर केले. पंचनाम्यात त्याची नोंद 'बोटाने इशारा करून धमकावले' अशी आहे. मी तलवार पुसायला घेतली, कारण ती म्यान केल्याशिवाय मला बोलता येत नव्हते. पंचनाम्यात याला 'पुरावा नष्ट करण्याचा प्रयत्न' म्हटले आहे. पोलीस आल्यास काय करावे, याची तरतूद नियम क्रमांक चारमध्ये नव्हती. नियम लिहिणारी मी असल्याने ही चूक माझी आहे.

तेवढ्यात इस्तारीभाऊ खर्रा थुंकून उभे राहिले व म्हणाले, "तलवार माही हाय, साहेब. हे लोक पाहून राह्यले."

त्या खोलीत बोललेले ते एकटेच होते. म्हणून अटकही त्यांनाच झाली.

नंतर सर्वांचे कागद निघाले. चिताडे सर म्हणाले की, ते मौन साधनेसाठी आले होते व तलवारीकडे त्यांचे लक्षच गेले नाही. बाकीचे सहा सभासद म्हणाले की, ते गिरणी विकत घेण्यासाठी पाहायला आले होते. सहाही जण वेगवेगळे आले होते व एकमेकांना ओळखत नव्हते. मी खरे सांगू लागले तेव्हा साहेब मला म्हणाले, "तू घरी जा, पोरीबाळींचं काम नाही." आणि मी घरी गेले. संध्याकाळी सव्वासातपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मी एकटीच उरले.

दिनांक १० रोजी वर्तमानपत्रात 'घातक शस्त्र जप्त' म्हणून फोटो आला. टेबलावर तलवार होती, शेजारी दोन कुऱ्हाडी होत्या. कुऱ्हाडी गिरणीत नव्हत्या. तलवारीची मूठ काढलेली होती आणि दांडा आरशासारखा चमकत होता. मी त्याच दिवशी ठाण्यात येऊन हवालदार लालसू भाऊंना विचारले. ते म्हणाले, "बाई, फोटो निघनार होता. येवढा गंज पाहून मलेच लाज वाटली. रेगमालच्या खरखरीत कागदानं घासली, मंग तेल लावलं. दोन तास लागले." त्यांनी हे काम मनापासून केले आहे, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. अक्षरांपैकी आता दीड अक्षर दिसते.

ठाण्याबाहेर ताराबाई डबा घेऊन बसल्या होत्या. मी जवळ गेल्यावर त्या म्हणाल्या, "तुमी शिकलेले लोक तोंडात कागद धरता आन् माहा अडानी नवरा खरं बोलते. आता तो आत हाय आन् तुमी भाईर." मी उत्तर दिले नाही. त्या वेळी माझ्या तोंडात कागद नव्हता.

न्यायालयाने इस्तारीभाऊंना दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली आहे. त्यांचे वकील म्हणतात की, ही घरात वारशाने आलेली जुनी वस्तू आहे असे दाखवता आले तर जामिनाचा मार्ग मोकळा होईल. जुनेपणाचा पुरावा तलवारीवर होता, तो घासला गेला. आता तो फक्त माझ्या नोंदवहीत आहे. ती वही हजर केली तर सभा कोणी बोलावली, तलवार कोणी आणवली, हेही त्याच वहीत माझ्या सहीने लिहिलेले आहे.

आज सकाळी महिला पोलीस शिपाई मोनालीताईंनी माझा जबाब संगणकावर टंकला. त्यात 'मी सदर ठिकाणी चहा देण्यासाठी गेले होते' असे वाक्य होते. नोंदवहीचा उल्लेख नव्हता. मी म्हणाले, हे मी सांगितले नाही. मोनालीताई हळूच म्हणाल्या, "राहू दे ना सायमा, साहेबांनी तुझ्या भल्यासाठीच टाकलं आहे." साहेबांनी मला खुर्ची दिली व म्हणाले, "तलाठी व्हायचं आहे ना? पडताळणीत गुन्हा निघाला तर यादीतलं नाव गेलं. सही कर आणि पेढे घेऊन ये." मी त्यांचे आभार मानले व विचारले की, तलाठी झाल्यावर सातबारावरही असेच लिहायचे असते का? साहेबांनी टंकलेला जबाब बाजूला सारला. मग म्हणाले, "असं कर, तूच लिही." त्यांनी कोरे कागद दिले. म्हणून हा जबाब माझ्या हस्ताक्षरात आहे.

माझ्या वडिलांना मी काल रात्री सर्व सांगितले. ते म्हणाले, "बेटा, बुलाया तूने था, तो छुडाएगी भी तू." माझा निवड यादीचा कागद आईने फ्रेम करून आणला आहे, तो तिने फडक्याने पुसून परत भिंतीला लावला.

मी मूळ नोंदवही, पाने १ ते ४६, या जबाबासोबत हजर करत आहे. पहिल्या सात तलवारींच्या 'काळ' रकान्यात मी आज दुरुस्ती केली असून प्रत्येक दुरुस्तीसमोर सही केली आहे.

हा जबाब येथवर लिहून झाल्यावर मी तो मोनालीताई, साहेब व कोठडीतील इस्तारीभाऊ यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवला. इस्तारीभाऊंनी गजाआडून हरकत घेतली. "तुहं नाव काऊन लिवलं पोरी? नोकरी जाईन ना तुही. खोड ते."

मी म्हणाले, नाव सर्वांत वर आहे, तिथून खोडले तर जबाबच राहत नाही.

ते म्हणाले, "मंग फाड."

मी तो फाडलेला नाही. वाचला तसाच तो खरा व बरोबर आहे.

जबाब देणार
(सही)
सायमा कय्यूम शेख