शेवट मी रिक्षात सांगते

...आणि वर म्हणे, "काका, दो मिनट में निपटाना हां!" अहो हितेशभाई, तुम्ही सेक्रेटरी, आठवडाभर जिन्यात अडवून अडवून सांगताय, सोसायटीचा वाढदिवस आहे, सीनियर लोकांनी माईकवर आपापला आवडता सिनेमा सांगायचा, मग आपण पडद्यावर एक सिनेमा लावणार, आणि आता माईक हातात दिला तर दोन मिनिटं? दोन मिनिटांत आमच्या विंगची लिफ्टसुद्धा खाली येत नाही! ती वायर जरा बाजूला घ्या कोणीतरी, पडलो तर इथंच सिनेमा होईल... हां. तर मी गुणवंत, बी विंग, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात आयुष्य गेलं, मूळचा हिंगोलीकडचा, पण इथं भाईंदरच्या नवघरात इतकी वर्षं झालीत की आता गावाला गेलो तर तिथला रिक्षावाला माझ्याशी हिंदीत बोलतो.

आवडता सिनेमा विचारता? मागच्या वीस-पंचवीस वर्षांतले झाडून सगळे आवडते आहेत माझे. पण तुम्हाला सांगतो, त्यातल्या एकाचाही शेवट मी थेटरात बघितलेला नाही. हसा, हसा! एकाचाही नाही! का? तर आमची राजश्री. तुम्ही सगळे ओळखता तिला... ओळखत होता. वर्ष होत आलं, अजून जीभ वळत नाही माझी. तर तिचं एकच. सिनेमा ऐन रंगात, हीरोच्या कपाळाला पिस्तूल, हिरॉइन अनवाणी धावत सुटलेली, अख्खं थेटर श्वास रोखून बसलेलं... आणि माझ्या बरगडीत कोपर! "चला, निघा. रिक्षा मिळायची नाही."

अगं, पण शेवट?

"शेवट मी रिक्षात सांगते."

आता तिचंही खोटं नव्हतं. तेव्हा शो सुटला की अख्खं थेटर स्टेशनजवळच्या शेअर रिक्षांवर तुटून पडायचं, आणि एकदा काय झालं, आमचा समाधान लहान, खांद्यावर झोपलेला, आणि ही त्या लायनीत उभी, आणि लाईन काही हलेना, आणि मागून लोक ढकलतायत. घरी आल्यावर तिनं जी शपथ घेतली ती घेतली. त्यानंतर आम्ही कायम सगळ्यांच्या आधी बाहेर. लोकांच्या गुडघ्यांवरनं, पिशव्यांवरनं, कोणाच्या तरी वडापाववरनं! "ओ भाईसाब, बैठो ना!" "अरे हटो यार, हीरो नहीं दिख रहा!" एका बाईनं तर कळवळून मला पाण्याची बाटली दिली हो, तिला वाटलं, मला उलटी होतेय. मी घेतली पण. काय सांगणार तिला, बायकोला रिक्षा पकडायचीये?

आणि मग रिक्षात माझी राजश्री पदर नीट करून बसायची आणि सांगायला लागायची. मी म्हटलं, तुला गं कसं माहीत? तर म्हणे, "मला अंबिका सांगते ना, तिनं पहिल्याच आठवड्यात बघितलाय." अंबिका म्हणजे आपल्या बाजारात मासळी घेऊन बसते ती, भाईंदर गावातली, तुम्हीही घेता तिच्याकडून बोंबील. मी म्हटलं असेल बुवा, बाईला सिनेमाचा नाद असेल. आणि काय सांगायची! "गोळी लागते, पण दंडाला. हिरॉइन आपली ओढणी फाडून बांधते. सासू येते, रडते, म्हणते माझं चुकलं. मग सगळे जेवायला बसतात." प्रत्येक सिनेमात, बरं का, प्रत्येक सिनेमात शेवटी सगळे जेवायला बसायचे! मारामारीचा असो, भुताचा असो, भूतसुद्धा पाटावर बसायचं! एकदा शेजारी तिसरा पॅसेंजर होता, त्यानं तोच सिनेमा पूर्ण बघितलेला, तो बिचारा हळूच म्हणतो, "भाभीजी, उसमें तो हीरो मर जाता है ना?" ही वळली त्याच्याकडं. "भैया, वो आपने दूसरा पिक्चर देखा होगा." तो आपला रिक्षाबाहेर बघायला लागला! आणि रिक्षावाला? तो ऐकण्याच्या नादात आमचा नाका सोडून सरळ पुढं! "फिर क्या हुआ भाभी, खाने में क्या बनाया?"

त्यापायी कारखान्यात माझी काय शोभा झाली, विचारू नका. आमचा जितेंद्र, पॉलिशवर होता, जेवणाच्या सुट्टीत डोळे पुसत सांगतोय, काय रे तो धाकटा भाऊ मेला, मला घास उतरेना. मी म्हटलं, मेला? कोण मेला? खांद्याला लागलंय त्याला! बरा होतो, नांदेडला मशीनचं दुकान टाकतो! तो म्हणतो, "अरे गुणवंता, चिता पेटलेली बघितली रे मी पडद्यावर!" मी म्हणतो, दुसऱ्या कोणाची असेल. आता माणूस भांडणार तरी काय माझ्याशी? सगळे माझ्याकडं असे बघायचे, जसं काही डॉक्टरनं हात टेकलेल्या पेशंटकडं बघावं.

बरं, पुढं मॉल आले. गारेगार थेटर, खुर्ची पाठीमागं जाते, समाधान तिकीट मोबाईलवर काढून देतो, बाहेर रिक्षाच रिक्षा. मी म्हटलं, आता तरी! कुठलं काय? कोपर! "चला, निघा, लिफ्टला गर्दी होईल." घरी टीव्हीवर बघावं, तर शेवट जवळ आला की, "अहो उठा, पाणी आलं, पिंप भरा!" आता तुम्हीच सांगा, आपल्या भाईंदरमध्ये पाणी आल्यावर हीरो जगतो की मरतो, हे बघत कोण बसेल? मी पिंप भरायचो आणि ती मागं उभी राहून शेवट सांगायची. सगळे जेवायला बसायचे.

"काका, लोग वेट कर रहे हैं..." करू दे हो हितेशभाई! घरी जाऊन काय करणार आहेत?

तर ती गेल्यावर... गेल्यावर मी नुसता बसून असायचो खिडकीत. समाधानला बघवेना. म्हणाला, "पप्पा, चला, तुमचे जुने सिनेमे बघू, आता सगळे टीव्हीवर मिळतात, आणि आज पूर्ण बघायचे." लावला दोन भावांचा. आणि मेला हो धाकटा! चिताच पेटली! मी ओरडलो, चुकीचा लावलास, दुसरा लाव! तो म्हणतो, "पप्पा, सिनेमा एकच असतो." दुसरा लावला, त्यात हिरॉइन विहिरीत. तिसऱ्यात म्हातारा बाप स्टेशनवर वाट बघत तसाच... मी म्हटलं, बंद कर बाबा. म्हणजे इतकी वर्षं मी आनंदात होतो, तो कशाच्या जोरावर?

सकाळी उठून सरळ बाजारात. अंबिकाला म्हटलं, बाई, तू आमच्या हिला असे कसे सगळे शेवट खोटे सांगितलेस? ती कोयता बाजूला ठेवून माझ्याकडं बघतच राहिली. "भावजी, मी? मी कवा थेटरात गेलीच न्हाय! अंधारात माझा डोका दुखतंय. उलट तुमची बायकोच हितं बसून मला गोष्टी सांगायची. लई ग्वाड सांगायची. सगळी जेवायला बसायची बघा शेवटाला." आणि ती रडायला लागली, मासे तसेच, गिऱ्हाईक तसंच, आणि मी पण. भर बाजारात! गिऱ्हाईक म्हणतं, "क्या हुआ, मच्छी ताज़ी नहीं है क्या?"

मला तिचा राग यायला पाहिजे होता ना? नाही आला. तिला माहीत होतं, मला रडवलेलं सहन होत नाही. आमचा बाबा गेला, माझा धाकटा भाऊ गेला, कंपनी बंद पडली, तेव्हाचा मी तिनं बघितलेला. सिनेमा तरी नीट संपू दे ह्या माणसाचा, असं वाटलं असेल तिला. रिक्षाचं पहिल्यांदा खरं होतं, पुढं ते निमित्त झालं. एवढं साधं मला कळलं नाही!

आणि आता माईक दिलाच आहे तर सांगतो. दवाखान्यात ती होती शेवटी. संध्याकाळची वेळ, नळ्या लावलेल्या, आवाज एवढासा. समाधान औषधं आणायला खाली, मी शेजारी स्टुलावर, आणि तिनं हात हलवला. कोपरात जोर नव्हता, नुसती बोटं लागली मला. "निघा तुम्ही. नंतर रिक्षा मिळायची नाही." आणि मी... आयुष्यभराची सवय हो! उठलो. तिच्या डोक्यावरनं हात फिरवला, सकाळी भाकरी घेऊन येतो म्हटलं, निघालो. नाक्यावर पोचलो नाही तर समाधानचा फोन. रिक्षावाला विचारतोय, "अंकल, वापस लूँ क्या?" आणि मी शेजारच्या सीटकडं बघतोय. तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा, अख्ख्या जन्मात पहिल्यांदा मी शेवटाआधी बाहेर पडलो होतो आणि रिक्षात शेवट सांगायला शेजारी कोणी नव्हतं.

असू दे. रडू नका रे, लक्ष्मीताई, तुम्ही तर बिलकुल नको, तुमचं बीपी. हितेशभाई, तुम्ही सगळ्यांची मतं घेऊन जो सिनेमा ठरवलाय ना, तो ट्रक ड्रायव्हरचा, त्याची बायको हिरवा स्वेटर विणत बसते तो, तो आम्ही दोघांनी बघितलेला शेवटचा. घाटात ट्रक हरवलाय, ती नाक्यावर उभी, लांबून एक दिवा येतोय... आणि कोपर! रिक्षात ती म्हणाली, तोच उतरतो ट्रकमधनं, स्वेटर फक्त बाह्यांना आखूड होतो. मला माहितीये, पडद्यावर तसं नसणार. तुमच्या चेहऱ्यांवरनंच कळतंय! म्हणून मी सकाळपासून ठरवलं होतं, माईकवर बोलायचं आणि दिवा दिसायच्या आत वर निघून जायचं, आपलं दार लावून घ्यायचं.

पण आता विचार करतो, वर जाऊन तरी शेवट विचारू कोणाला? लावा, हितेशभाई, लावा सिनेमा. माझी खुर्ची जरा पुढं घ्या, आजकाल लांबचं दिसत नाही. काय करणार... ती आपल्या सवयीप्रमाणे आधी निघाली, आता मला शेवटपर्यंत बसावं लागणार.