डॉक्टरीणबाई परस्पर भाड्यानं

नाही, मला सांगायचंच नव्हतं! मी आपला कोपऱ्यात गप बसलो होतो, तर ही रत्ना, आमची सून, मंडळाची सेक्रेटरी, माइक घेऊन आली अंगावर, "बाबा, ते स्टेटहाउसचं सांगा ना, लोकांना मज्जा येते." मज्जा? माझी दाढ गेली आणि तुम्हाला मज्जा? वर घरून हे झाकण पण आणायला लावलं. बरं, जेवणाला वेळ आहे म्हणतायत, तोवर ऐका. आणि झाकणाला हसू नका, त्याचं येईल पुढं.

तुम्हाला सांगतो, दाढदुखी इंग्रजीत सांगताच येत नाही! मी चौथी नापास, मला तर नाहीच, पण तुम्ही एवढे शिकलेले, सांगून दाखवा बघू... ठणका वेगळा, सणक वेगळी, शिवशिव वेगळी, आणि गार पाण्यानं जी कळ मस्तकात जाते ती आणखीच वेगळी! देवदत्त, आमचा मुलगा, मला आधी एका गोऱ्या डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यानं माझ्यापुढं चेहऱ्यांचा तक्ता धरला. एक हसरा, एक रडका, मधले सगळे कंटाळलेले. "यातला कोणता?" अरे, मी काय स्थळ बघायला आलोय?

मग सापडली इला डॉक्टर. सोलापूरची पोर. मी खुर्चीत टेकतोय तोवर विचारते, "काका, ठणकतंय का सणकतंय?" डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! देवदत्तानं मला जो स्वस्तातला इन्शुरन्स काढून दिलाय, त्याच्या डॉक्टरांत तिचं नाव होतं. म्हटलं, जमलं. आता मरेपर्यंत हीच.

दाढ झाली, वर कॅप बसली, आणि पुढच्या खेपेला बघतो तर पोर तोंड पाडून बसलेली. "काका, तुमच्या कंपनीला मी ओळखतसुद्धा नाही हो." म्हणजे? तर म्हणे, तिनं सही केली एका कंपनीबरोबर, दर बघून, अटी बघून. त्या कंपनीनं आपले सगळे डॉक्टर, ते नेटवर्क का काय, दिले दुसरीला भाड्यानं. दुसरीनं दिले तिसरीला. ती तिसरी माझी! आणि तिसरी म्हणते, आमच्याकडं दर निम्मा, गप घ्या. माझी कॅप पोरीनं पदरमोड करून बसवली! नको म्हणावं तर पहिल्या कंपनीलाही सोडायचं, म्हणजे अर्धे पेशंट गेले, दवाखान्याला कुलूप. नाव तिचं, हात तिचे, ड्रिल तिचं, आणि भाड्यानं देणारे हे कोण? अरे, विचारायचं तरी!

ती मला चित्रं काढून समजवायला लागली. म्हटलं, "पोरी, राहू दे. माझं पातेलं गेलंय."

हां, आता पातेल्याचं. शोभना, आमची मंडळी, इकडं यायला निघाली तेव्हा सुटकेसमध्ये जागा होईना म्हणून साड्या काढल्या आणि हे एवढं पितळी पातेलं घातलं. काठावर नाव कोरलेलं, 'सौ. शोभना प्रल्हाद', झाकणावरही तेच, हे बघा. ती गेली, पातेलं राहिलं. तर गणपतीला आले आपले अध्यक्ष, हेमचंद्र, "काका, मसालेभाताला मोठं भांडं हवंय, एक दिवस." दिलं. झाकण तेवढं घरी राहिलं. त्यानं ते पुढं दिलं इथल्याच शेजारच्या डब्लिन गावच्या मंडळाला, त्यांनी दिलं कुणाच्या मुंजीला, मग कुणी म्हणे ते शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवर बघितलं, मिठाईवाल्याच्या काउंटरमागं... गणपतीलाच ठाऊक! मी विचारायला गेलो, तर हा सोफ्यातून उठला नाही, "काका, तुम्ही मला दिलंत, मी पुढं दिलं, वापरात राहिलं. त्यात काय, यार!" यार? मी तुझ्या बापापेक्षा मोठा! आणि नाव कुणाचं होतं रे त्याच्यावर? विचारायचं तरी!

म्हणून इला डॉक्टर जेव्हा म्हणाली, "काका, स्टेटहाउसमध्ये, म्हणजे इथल्या विधानसभेत, कायदा करायचं चाललंय. नेटवर्क दुसऱ्याला द्यायचं तर आधी डॉक्टरला विचारा, ती नको म्हणाली तर सोडा. पेशंट म्हणून बोलायला याल?" मी म्हटलं, चल, आत्ता!

घरी बोंबाबोंब. देवदत्त म्हणतो, "बाबा, जरा डोकं वापरा. ती तिसरी कंपनी तुमचीच आहे! कायदा झाला की इला पहिलं नको तुम्हालाच म्हणणार." नात रुचा, ती तर इंग्रजीतच, "आजोबा, यू आर फायटिंग युअर ओन टीथ!" म्हटलं, टीथ माझे, फाइट माझी, तू भाषांतराला चल.

गेलो. झाकण घेऊन गेलो! दारातलं मशीन कोकललं. तो पोलीस झाकण उलटं करतो, सुलटं करतो, रुचा लाजून लाल, म्हटलं सांग त्याला, पुरावा आहे. तर तो विचारतो, "व्हेअर इज द पॉट?" बघा! त्या परक्या माणसाला सुचलं, पातेलं कुठाय ते विचारावं!

आत कंपनीचा वकील बोलत होता. गोड, नुसता पाकात मुरलेला. म्हणे, यानं पेशंटला जास्त डॉक्टर मिळतात. अरे हो, माझ्या पातेल्यातही शिकागोच्या लोकांना जास्त मिठाई मिळाली! माझी पाळी आली. मी झाकण टेबलावर आदळलं, पेंगणारे दोघे दचकून उठले, आणि सगळं सांगितलं, त्यांचा वेळ संपल्याचा लाल दिवा लागला तरी सांगितलं. शेवटी ती मधली चष्मेवाली बाई, कमिटीची मुख्य, म्हणाली, "सर, उद्या तुमची डॉक्टर तुम्हालाच नाही म्हणेल. चालेल तुम्हाला?"

मागं इला बसलेली, मान खाली. आणि माझी दुसऱ्या बाजूची दाढ, तुम्हाला सांगतो, नेमकी तेव्हाच... ठणकली! सणकली नाही, ठणकली!

म्हटलं, "न चालून कुठं जाईल? चालेल! आज ती मला हो म्हणते ते तिचं आहे का? ते भाड्याचं आहे. तिला एकदा नाही म्हणू द्या, मग काय म्हणायचं ते तिचं ती म्हणेल."

रुचानं केलं भाषांतर. इला तर डोळेच पुसत होती.

कायदा? झाला की! आणि पहिलं नाही कुणाला? मला! स्वतः फोन केला पोरीनं, "काका, नाही जमणार हो त्या दरात, सॉरी..." म्हटलं, सॉरी कशाला, तू सांगितलंस, झालं. ती दाढ मग त्या गोऱ्यानं उपटली. मी तक्त्यातला सगळ्यात कंटाळलेला चेहरा दाखवला, तर त्यानं नेमकी उपटलीच.

आणि आता शेवटचं. मगाशी पाणी प्यायला किचनमध्ये गेलो. डब्लिनच्या पाहुण्यांनी मटकीची उसळ आणलीय, मोठं भांडं, वर फॉइल. काठ बघितला. फॉइल काढून हे झाकण ठेवून बघितलं... घट्ट बसलं!

जेवा पोटभर. उसळ मला चावायची नाही, मी ताक पितो. पातेलं जेवणानंतर माझ्या गाडीत जाईल, कुणी हात लावायचा असेल तर विचारायचं. माफी तेवढी राहिलीय, ती काही मिळायची नाही, मला माहितीय... तिसऱ्या रांगेत बघा, फोनमध्ये डोकं घालून बसलाय, हेमचंद्र!