मिस्त्री यायच्या आधी सारवलेली भिंत

घराच्या ओलीसाठी कोणता मिस्त्री निवडावा म्हणता, तर आमच्या सौसरच्या भिंतीचं ऐका. ऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट असेल. पावसात नाल्याचं पाणी घरात शिरलं आणि मधली मातीची भिंत कमरेइतकी भिजली. महिना झाला तरी डाग जाईना. भिंत अंगावर पडेल म्हणून आम्ही तिच्याजवळ झोपणंही सोडलं.

पांढुर्ण्याचा मिस्त्री बोलावला. भिंतीवर हात ठेवून तो म्हणाला, "आतून सडून राहिली. पाडा लागते." दहा दिवसांनी लोधीखेड्याचा आला. तो म्हणाला, "पायव्यापासून पाडा लागते." तिसरा अख्खं घरच पाडायला लावेल, ही भीती होतीच, तरी शेवटचं म्हणून मी बोरगावच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला विचारायचं ठरवलं आणि सोमवारचा निरोप धाडला.

तो शनिवारीच आला. जामसांवलीला दर्शनाला गेला होता, परतताना डोकावला. भिंतीवर अंगठा दाबून म्हणाला, "ही तर वाळली हाय."

तेवढ्यात माझी माय ओशाळून बाहेर आली. "आजच कसे आले, बाप्पा? भिंत सारवाची राहिली अजून."

"मागचे दोघं आले तवा सारवली होती?"

"मंग? त्याच सकाळी सारवली. पाहुण्यासमोर डागाची भिंत ठेवाव का?"

म्हाताऱ्यानं सावकाश चहा संपवला. मी विचारलं, "मंग किती पाडा लागते?"

"काहीच नाही," तो म्हणाला. "फक्त मिस्त्री येऊन राहिला, हे मायले सांगत नका जाऊ."